शिवण उजवीकडे

फुकुओका, ११ एप्रिल १९८६

चिझुरु,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, असं धरून लिहितो. तोक्योचा पत्ता तुझ्या जानेवारीतल्या कार्डावरून घेतला. नऊ वर्षांत घर बदलल्याची चार कार्डं तू पाठवलीस, चारही छापील, हाताने लिहिलेलं अक्षर एकावरही नाही. मी एकालाही उत्तर दिलं नाही, तेव्हा मला तक्रार करायला तोंड नाही.

कामाचंच लिहितो. गेली पाच वर्षं मी ‘बिरिबिरी’ या मासिकात आहे. इथल्या याकुइन भागात मोची नावाच्या तांदळाच्या मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या, पाच माणसं, आणि दिवसभर खालून येणारा उकडलेल्या तांदळाचा वास. हातात गिटार येऊन सहा महिने झालेत आणि शेजारी आता पोलिसांना बोलावणार आहेत, अशा वयाच्या पोरापोरींसाठी आम्ही रॉकचं मासिक काढतो. त्याची मांडणी मी करतो. कुठलं अक्षर केवढं, कुठला फोटो कुठे, गाणं कुठल्या तारेवर कसं वाजवायचं त्या तक्त्याला जागा किती.

तुमच्या ‘तेत्सुबिन’ बँडची पहिली तबकडी आमच्याकडे आली आणि मे महिन्याच्या अंकाच्या कव्हरवर तुझा फोटो आला. तो एतोबाईंनी निवडला. एतोबाई आमच्या संपादक, पन्नाशीच्या आहेत, आवाज ट्रकचा. टेबलावर चाळीसेक स्लाइड पसरल्या होत्या, त्यातल्या तुझ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही घ्या. हिच्याकडे बघून पोरी घरी भांडणं करतील.” तू माझी कोण, हे त्यांना माहीत नाही. कव्हरवर तुझं नाव नुसतं ‘चिझु’ आहे, त्यामुळे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तुमची कंपनी तुला अंक पाठवेलच. तो हातात पडण्याआधी सांगायला हवं. कव्हरवर तू उजव्या हाताने वाजवताना दिसतेस. छापखान्यात फिल्म उलटी लागली. फिल्म काचेसारखी आरपार असते, पालथी ठेवली की डावं उजवं होतं. आमच्या धंद्यात असं होतं. गेल्या वर्षी एका गायकाचा तीळ या गालावरून त्या गालावर गेला, तर साठ पत्रं आली. मासिकाच्या वतीने मी माफी मागतो.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. मधे तीन पेन्सिली तासून झाल्या, तिन्हींना आधीच टोक होतं.

नोगाताच्या घरी मी एकटाच असतो. बाबांची सुलेखनाच्या वर्गाची खोली बंद ठेवली आहे, तरी दमट दिवसांत तिथून शाईचा वास येतो. येत्या नोव्हेंबरात ते गेल्याची सातव्या वर्षाची पूजा आहे. सांगून ठेवतो, आग्रह नाही.

कुसाबा यासुहिको
मांडणी विभाग (विभाग म्हणजे मी एकटाच)

फुकुओका, २ मे

चिझुरु,

पाकीट मिळालं. ते फोडलं तेव्हा ऑफिसात सगळे होते, हे माझं नशीब. आत फक्त आमचं कव्हर, चार घड्या घातलेलं, आणि तुझ्या छातीवर लाल पेन्सिलीने काढलेलं एक वर्तुळ. बाकी एक अक्षर नाही.

“कुणाचं रे?” एतोबाईंनी विचारलं.

“वाचकाचं. शाईचा डाग पडलाय म्हणतोय.”

“कुठाय डाग? मला तर दिसत नाही. बरं, दुसरा अंक पाठवून दे, गप्प बसेल.”

तू गप्प बसायला मुळात काही बोललेलीच नाहीस.

वर्तुळाचा अर्थ मला कळला नाही. म्हणून आमचं कव्हर कसं बनतं तेच सांगतो. आमचे वाचक अंक विकत घेतात आणि त्याच दिवशी कात्री चालवतात. शाळेत वहीच्या पानाखाली घालायची ती प्लास्टिकची पारदर्शक पाटी असते ना, दोन पापुद्र्यांची, तिच्यात कव्हर कापून घालतात. गणिताच्या तासाला मास्तर फळ्याकडे वळले की वही सरकवायची आणि बघायचं. त्यामुळे मी कव्हर मांडताना मासिकाचा आकार बघतच नाही, पाटीचा बघतो. चेहरा पाटीत बसला पाहिजे, गिटार कापली जाता कामा नये, आणि मासिकाचं नाव कापलं गेलं तर जाऊ दे. एतोबाईंना हे शेवटचं अजून पटलेलं नाही.

आता तुझा फोटो. आमच्या मासिकात गाण्यांचे तक्ते असतात, ते डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून मासिकाची शिवण डावीकडे. शिवण म्हणजे जिथे पिना मारतात ती बाजू. तुझ्या गिटारचा दांडा समोरून बघणाऱ्याला डावीकडे येतो. म्हणजे तो सरळ शिवणीत घुसतो आणि दांड्याचं टोक मासिकाच्या नावावर चढतं. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा दांडा बाहेर येतो, पान उलटणाऱ्या बोटांकडे. बघायला मोकळं वाटतं. हे नुसतं मांडणीचं सांगतोय. फिल्म छापखान्यातच उलटली.

इथवर लिहून मी उठलो. खाली गेलो, नको असताना एक मोची खाल्ली, नदीपर्यंत गेलो आणि परत आलो. दुपारचे तीन वाजलेत.

वर्तुळाचा अर्थ कळला.

तुझ्या शर्टावर ‘तेत्सुबिन’ लिहिलेलं होतं. फिल्म चुकून उलटली असती तर अक्षरंही उलटी छापली गेली असती आणि आम्हाला तीनशे पत्रं आली असती. कव्हरवर शर्ट कोरा आहे. फिल्म आपोआप उलटू शकते, अक्षरं आपोआप पुसली जात नाहीत. तुझी नजर लहानपणापासून अशीच. बाबांच्या वर्गात तीस कागद वाळत घातलेले असायचे आणि त्यांतली एक चुकलेली रेघ तूच दाखवायचीस.

छापखान्यात फोटो साफ करणारा एक माणूस आहे, त्याने पुसली असतील. मी चौकशी करतो.

यासुहिको

नोगाता, १९ मे

चिझु,

मीच पुसली. फिल्म मीच उलटी केली आणि अक्षरंही मीच पुसली.

छापखान्यातला तो माणूस बिचारा फेब्रुवारीपासून कंबर धरून घरी आहे. हे मला गेलं पत्र लिहितानाही माहीत होतं.

आज कबूल करतोय त्याचं कारण सांगतो. सोमवारी सकाळी वाचकांची पत्रं फोडतात. एतोबाई मोठ्याने वाचतात, आम्ही हसतो, चांगली असतील ती वाचकांच्या पानावर जातात. आज त्यांनी एक वाचलं. ते मी खिशात घालून घरी आणलंय, सोबत पाठवतो, पण इथेही उतरवतो, कारण ते मी पुन्हा एकदा हाताने लिहायला हवं.

“बिरिबिरीच्या सगळ्यांना नमस्कार. मी तोकुनागा तोमोए. इमारीला राहते, आठवीत आहे. मी डावखुरी आहे. वर्षभर मी मामाची गिटार उलट्या तारा लावून वाजवत होते. आई म्हणायची, असं कुणी वाजवत नाही, चारचौघांत बरं दिसत नाही. मी म्हणायचे, तेत्सुबिनची चिझु वाजवते, माझ्या मैत्रिणीच्या भावाने बघितलंय. मग तुमचं कव्हर आलं. आई म्हणाली, बघ, तुझी चिझुसुद्धा उजव्याच हाताने वाजवते, मैत्रिणीचा भाऊ थापाड्या आहे. मी तारा परत सुलट लावल्या आहेत. बोटं ऐकत नाहीत, पण आई म्हणते सवय होईल. कव्हर मी पाटीत घातलंय. रोज बघते. आभारी आहे.”

एतोबाई म्हणाल्या, “अगं बाई, किती गोड पोर! वाचकांच्या पानावर घ्या. कुसाबा, हिचा फोटो मागव, पाटी हातात धरलेला.”

सगळे हसले, कारण पत्र खरंच गोड होतं. मी हात धुवायला गेलो. दोनदा धुतले, बाहेर आलो, पुन्हा आत जाऊन धुतले. हिरोकोने, म्हणजे आमच्या जाहिराती बघणाऱ्या बाईने, विचारलं, “कुसाबासान, पोट बिघडलंय का?” मी हो म्हणालो आणि दुपारच्या गाडीने घरी आलो.

आता सगळं सांगतो. स्लाइड उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि तू समोर आलीस. नऊ वर्षांनी पाहिलं. डाव्या हाताने वाजवतेस, मान वाकडी, तोंड उघडं, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की हे चुकलंय. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी स्लाइड पालथी केली. दांडा, शिवण, पान उलटणारी बोटं, हे सगळं मला मागाहून सुचलं. मग शर्टावरची अक्षरं उलटी दिसायला लागली, तर मोठा फोटो काढून घेतला आणि काळ्या रंगाने ती भरून टाकली. बाबांचा सगळ्यात बारीक कुंचला वापरला. एकूण चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांत माणसाला शुद्धीवर यायला भरपूर वेळ असतो.

आपल्या घरचं जेवायचं टेबल तुला आठवत असेलच. तुझ्या डावीकडे भिंत यावी अशी तुझी जागा बाबांनी ठरवली होती, म्हणजे डावं कोपर हलूच नये. उजवीकडे मी. तू डाव्या हातात जेवायच्या काड्या घेतल्यास की माझ्या काड्यांनी तुझ्या बोटांवर टिचकी मारायची, हे माझं काम. आई गेल्यावर तर रोजचं. कुंचला डाव्या हाताने चालत नाही, रेघ डावीकडून उजवीकडे ओढायची असते, आणि ज्याच्याकडे अख्खं गाव सुलेखन शिकायला येतं त्याच्या घरात डावखुरी मुलगी, हे बाबांना झेपलं नाही. पण काम मी मन लावून केलं. मला ते आवडायचं, हे आज लिहितो. घरात माझ्या हाती असलेला तेवढाच अधिकार होता.

आता ते काम मी आठ हजार प्रती छापून करतो. इमारीपर्यंत पोचतं.

यासुहिको

फुकुओका, ६ जून

चिझु,

तुझ्याकडून काही आलेलं नाही. वाट पाहत नाही असं लिहिणार होतो, पण पुरे झालं खोटं. रोज पोस्टमनच्या सायकलीच्या आवाजाला खिडकीत जातो. खालचे मोचीवाले आजोबा म्हणाले, “कुसाबासान, लग्नबिग्न ठरतंय की काय?”

परवा एतोबाईंसमोर बसलो आणि म्हणालो, चूक दुरुस्त करायची आहे.

“कर की. ब्याऐंशीव्या पानावर पत्त्याखाली चौकट टाक. ‘फोटो उलटा छापला गेला, क्षमस्व.’ दोन ओळी.”

“ब्याऐंशीवं पान पाटीत कोण घालतं?”

“मग काय, कव्हरवर घ्यायची चूक?”

“कव्हरवरच घ्यायची. तोच फोटो, सुलटा.”

“तोच फोटो! लोकांना वाटेल जुना अंक पुन्हा विकायला काढला. आणि तो दांडा शिवणीत घुसतो म्हणून दोन दिवस माझं डोकं खाल्लंस, तो आता कुठे घुसणार?”

उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण तीन दिवस मी दुसरं काहीच केलं नव्हतं. म्हणालो, शिवणच उजवीकडे नेऊ. आजीच्या कादंबऱ्यांची असते तशी. मजकूर उभ्या ओळींत, पानं उजवीकडून उलटायची. मग दांडा आपोआप मोकळ्या बाजूला येतो. पोरीला हात लावायची गरजच नाही.

चिझु, हे इतकं सोपं होतं. आपल्या देशातली अर्धी पुस्तकं त्याच बाजूने उघडतात. पुस्तक फिरवायचं सोडून मी तुला फिरवलं.

“रॉक, आणि उभ्या ओळींत?” एतोबाई म्हणाल्या. “पोरं आपल्याला शाळेच्या ग्रंथालयात ठेवतील. आणि तक्ते? ते उलटे वाचायचे का?”

“तीन गाण्यांचे तक्ते डाव्या हाताचे काढतो. मागच्या बाजूने उघडले की येतील.”

“कुसाबा, खरं सांग. ही पोरगी तुझी कोण?”

“बहीण.”

त्यांनी हातातली सिगारेट विझवली, मग लक्षात आलं ती पेटवलेलीच नव्हती. “पाच वर्षं माझ्यासमोर बसतोस,” त्या म्हणाल्या, “आणि मला वाटत होतं तू अनाथ आहेस.” मग तोमोएचं पत्र मागितलं. ते तुझ्याकडे आहे म्हटल्यावर मला ते पाठ म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्यांनी दुसरी सिगारेट काढून पेटवली. “एक अंक,” म्हणाल्या. “ऑगस्टचा. खपला नाही तर तू आणि तुझी उजवी शिवण, दोघं खाली मोची विकायला बसा.”

तेव्हा परवानगी मिळाली, पण निम्मीच. फोटो तुझा आहे. तुला न विचारता मी एकदा कव्हर छापलं, पुन्हा छापणार नाही. प्रूफ सोबत आहे. कव्हरवर ही ओळ असेल: “मेच्या अंकात हा फोटो उलटा होता. चूक छापखान्याची नव्हती. मांडणीकार कुसाबा यासुहिको याने तो मुद्दाम उलटा केला. चिझु डावखुरी आहे.” नको असेल तर २० जूनच्या आत कार्ड टाक. कोरं टाकलंस तरी मी समजेन आणि सगळं मागे घेईन.

आणि एक आहे. हे पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय, वरचं सगळं ते टाळण्यासाठी लिहिलं.

ऑक्टोबर १९७७. नगरभवनातली स्पर्धा. शनिवार होता. तू माझी गिटार घेतली होतीस, तारा उलट्या लावून सहा महिने वाजवत होतीस. सकाळी पेटी उघडलीस तेव्हा सहाही तारा कापलेल्या होत्या आणि बाजूला बाबांची कागद कापायची सुरी होती. तू सुरी घेऊन त्यांच्या वर्गात गेलीस, दहा मुलांसमोर त्यांना जे बोललीस ते बोललीस, आणि पाच वाजताच्या गाडीने गेलीस. त्यानंतर आजपर्यंत नाहीस.

तारा मी कापल्या होत्या.

ती गिटार मी तीन वर्षं वाजवली, चिझु. तीन वर्षांत मला एक गाणं धड आलं नाही. तू तीच उलटी धरून सहा महिन्यांत अशी वाजवलीस की शुक्रवारी संध्याकाळी शेजारचा कोळशाच्या खाणीतला म्हातारा अंगणात येऊन उभा राहिला. मी बाथरूममध्ये होतो, ऐकत होतो. मला इतका राग आला की मी नळ सोडून ठेवला, तरी ऐकू येतच होतं. सुरी वर्गातून आणली ती मुद्दामच, संशय तिकडे जावा म्हणून.

तू ओरडत होतीस तेव्हा मी दारात उभा होतो. बाबांनी तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मग खाली मान घालून त्यांनी शाईची कांडी परत घासायला घेतली आणि एक शब्द बोलले नाहीत. मरेपर्यंत त्याबद्दल बोलले नाहीत, तुझ्याशी नाही आणि माझ्याशीही नाही. तू अंत्ययात्रेला आली नाहीस, तेव्हा मावशी म्हणाली, कसल्या काळजाची पोर ही. मी चहा देत होतो. मी पुढच्या माणसाला चहा दिला.

बाबा चांगले होते असं मी म्हणत नाही. पहिलीत असताना त्यांनी तुझा डावा हात कमरपट्ट्याने बांधला होता, तो त्यांनीच बांधला. पण तारा त्यांनी कापल्या नाहीत. तू नऊ वर्षं चुकीच्या माणसावर रागावलीस, आणि मी ते होऊ दिलं.

आता तुला मी नको असेन तर बरोबरच आहे. मला तू हवी आहेस. एवढंच लिहायचं होतं.

यासुहिको
(‘दादा’ लिहिलं होतं, खोडलं. ते तू म्हणायचं असतं.)

फुकुओका, १४ जुलै

चिझु,

वीस जून उलटून गेला. कार्ड आलं नाही. शेवटच्या दिवशी मी पोस्टात जाऊन विचारून आलो, तिथल्या बाई म्हणाल्या, न आलेलं पत्र आम्ही कसं शोधायचं? मग अंक छापायला पाठवला.

तू रागाने गप्प आहेस की परवानगी म्हणून, मला माहीत नाही. दोन्ही असेल. छापखान्यातल्या पोरांनी पहिले शंभर अंक सवयीने डावीकडेच पिना मारून ठेवले होते, ते सगळे मी हाताने सोडवले. माझी बोटं सोलली आहेत. उद्या यामाकासा उत्सवाची शर्यत, त्यामुळे अर्धं शहर लंगोट लावून रस्त्यावर धावतंय, दुकानं बंद आहेत आणि अंक टपरीवर वेळेत पोचतील की नाही कुणाला ठाऊक नाही. एतोबाई दर तासाला खाली बघून येतात आणि म्हणतात, “मोचीवाल्याला मदतनीस नकोय. विचारून ठेवलंय मी.”

टपालाने अंक आधीच मिळालेल्या वर्गणीदारांची शिव्यांची पत्रं आली. एका मुलाने लिहिलंय की अंक उघडला तर शेवटचंच पान आलं, पैसे परत करा. दुसऱ्याने विचारलंय, कुसाबा यासुहिको अजून नोकरीत कसा?

आणि आज तोमोएचं पत्र आलं. मी तिला अंक आणि माफीचं पत्र आधीच पाठवलं होतं, त्याबद्दल तिने एका ओळीत आभार मानलेत. बाकीचं पान भरून दुसरंच आहे. तिला तोक्योहून पाकीट आलंय, जूनमध्येच. त्यात तारांचा नवा जोड, दांड्याच्या टोकाशी बसवायची हाडाची पट्टी, डाव्या हातासाठी खाचा पाडलेली, आणि एक चिठ्ठी: “जाड तार वर. ही पट्टी बदलल्याशिवाय तारा नीट बसत नाहीत, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईला म्हणावं, बघायचं असेल तर तोक्योला ये, समोर बसून बघ.” तोमोए लिहिते की आईने चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग म्हणाली, अक्षर काय गं हे, कोंबडीचे पाय! तारा मात्र लावू दिल्या.

तू जूनमध्येच पाठवलंस. म्हणजे माझं पत्र वाचलंस आणि उत्तर तिला दिलंस. वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो. हिरोकोने पुन्हा पोटाचं विचारलं.

माळ्यावरून ती गिटार काढली आहे. नऊ वर्षं तिला तारा नव्हत्या. अशी पट्टी असते हे मलाही माहीत नव्हतं, आता मागवली आहे. वाजवणार नाही. नुसत्या उलट्या तारा लावून तू ठेवली होतीस तशी ठेवणार आहे.

यासुहिको

नोगाता, २९ सप्टेंबर

चिझु,

आज तुझं पाकीट आलं. ऑगस्टचं कव्हर, चार घड्या घातलेलं. लाल वर्तुळ शोधायला वेळ लागला नाही. शर्टावर नाही, गिटारवर नाही. खालच्या ओळीत माझ्या नावाभोवती आहे. आणि शेजारी तुझ्या हाताने लिहिलेलं आहे, नऊ वर्षांनी पहिल्यांदा: “सातव्या वर्षाची पूजा किती तारखेला?”

माझ्याबद्दल एक शब्द नाही. तू बाबांसाठी विचारतेस, हे मला कळतं. मी ते कव्हर घेऊन वर्गाच्या खोलीत गेलो, खिडक्या उघडल्या, आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचलं.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी दहा. देऊळ तेच, गाडीने आलीस तर स्टेशनच्या मागच्या बाजूने उतर, पुढचा पूल दुरुस्तीला काढलाय. मावशी येणार आहे. तारांचं तिला मी परवाच सांगितलं, ती अजून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तुला त्रास होणार नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर तूही बोलू नकोस. मी चहा देत असेन.

जेवण घरीच आहे, तेच टेबल. तुझी जागा समोरच्या बाजूला, भिंतीपासून लांबच्या डाव्या टोकाला मोकळी ठेवली आहे, कोपर कुणाला लागणार नाही. या खेपेला भिंतीच्या बाजूला मी बसेन.

यासुहिको